कडी कोण सरकवतंय?

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. आमच्या तिरंदाजीच्या मैदानावर अमेरिकेहून एक धनुष्य आलं आणि त्याच्यापायी मी एका माणसावर जवळजवळ तीन महिने संशय घेत राहिले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि रविवारी सकाळी कल्याणला एका शाळेच्या मागच्या मैदानावर बाण मारायला जायचे. का जायचे, ते घरात कुणालाच नीट समजलेलं नव्हतं. मलाही सांगता आलं नसतं. आठवडाभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केल्यावर तीन तास कुणाशी न बोलता एका पिवळ्या गोलाकडे बघत राहायला मला बरं वाटायचं, एवढंच.

शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. मैदानाच्या टोकाला भाताच्या पेंढ्याचे घट्ट बांधलेले भारे एकावर एक रचलेले, त्यावर कागदाचं लक्ष्य. आम्ही दहा-बाराजण. सगळ्यांकडे बांबूची धनुष्यं, दोरी बोटांनी ओढायची, बोटांनी सोडायची. अशात सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचं वापरलेलं धनुष्य पाठवलं. धातूचं, दोन्ही टोकांना चाकं, पोटात तारा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे भोवती उभे राहून सायकल बघावी तसं ते बघत होतो. सोबत मनगटाला बांधायचा एक चामडी पट्टा होता. पट्ट्याच्या पुढे लोखंडाचे दोन दात आणि एक छोटा घोडा. दातांनी दोरी पकडायची, ओढायची आणि घोडा दाबला की दात उघडून दोरी सुटते. बोटं लावायचीच नाहीत. सर त्याला रिलीज म्हणायचे, आम्ही चिमटा.

माहितीचं पुस्तक नव्हतं. परदेशी मासिकातल्या एका पानाची झेरॉक्स होती, आणि त्यातला माणूस इतका काळा आला होता की त्याच्या हाताशी नेमकं काय आहे ते कळत नव्हतं. म्हणजे चिमटा आहे, दोरी आहे, पण चिमटा दोरीला लावायचा कुठे आणि कसा, ते आमचं आम्हीच ठरवायचं होतं.

सरांनी आम्हा दोघांना ते धनुष्य दिलं. एक मी आणि दुसरे ठाण्याच्या कोळीवाड्यातले एक गृहस्थ. वय चाळिशीच्या आतबाहेर. महापालिकेच्या पाणी खात्यात व्हॉल्व्ह उघडायचं-बंद करायचं काम करायचे, घरची होडी भाऊ चालवायचे. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायचे. आमच्या उंचीत दोन बोटांचाच फरक. हे धनुष्य एका मापापर्यंतच ओढलं जायचं आणि ते माप आम्हा दोघांनाच बसत होतं, म्हणून आमची निवड.

"पुण्याला राज्य निवड आहे," सर म्हणाले. "धनुष्य एकच. दोघं सराव करा. ज्याचे गुण जास्त, तो जाईल."

तिथूनच सुरू झालं.

आम्ही आधी सरळ मार्ग धरला. बाणाची खाच दोरीत बसते, तिच्या लगेच खाली चिमट्याचे दात. बाण चांगले जात होते. पण दोरीच्या मधल्या भागावर जो बारीक दोरा गुंडाळलेला असतो, तो तिसऱ्या रविवारी दातांनी कुरतडल्यासारखा झाला. सरांनी बोट फिरवलं. एक फेर तुटून वर आला होता. "ही दोरी तुटली तर दुसरी अमेरिकेहून यायची," ते म्हणाले, "बंद करा."

मग दादांनी चिमट्याच्या दातात नायलॉनचा एक तुकडा अडकवला, तो दोरीभोवती फिरवून परत दातात आणला. म्हणजे लोखंड दोरीला लागणार नाही. त्यांच्या हाताला ते छान चाललं. माझ्या तिसऱ्याच बाणाला तो तुकडा निसटला, माझीच मूठ माझ्या हनुवटीवर बसली आणि माझाच दात ओठात रुतला. रक्त आलं. दादा धावत पाणी घेऊन आले. "ताई, मी नीट लावलेलं ओ. कसं निसटलं?" ते परत परत म्हणत होते.

घरी वडिलांनी ओठ पाहिला. वडील जकात नाक्यावर कारकून होते. ट्रकवाला कांदे म्हणाला तर कांद्याखाली काय आहे, हे शोधण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. शेजाऱ्याने वाटीभर खीर पाठवली तरी त्यांना आधी कारण हवं असायचं.

"दोरी कोणी बांधली?" त्यांनी विचारलं.

"दादांनी."

"पुण्याला जाणार एकच, ना? मग जरा डोळे उघडे ठेव."

मी हसले. पण ते मनात राहिलं.

पुढच्या रविवारी दादा म्हणाले, "दोरीला दात लावायचाच नाय. दोरीला एक कडी बांधायची आणि चिमटा कडीला." त्यांनी जाळ्याचा मजबूत गोफ आणला होता. बाणाच्या खाचेच्या वर एक गाठ, खाली एक गाठ, आणि मध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी अर्धगोल कडी. गोफाची टोकं त्यांनी उदबत्तीने वितळवून त्यांचे मणी केले, म्हणजे गाठीतून टोक निसटायला नको. सरांना कल्पना एकदम पटली. मला पटली नाही. गाठीवर भरवसा ठेवायचा म्हणजे गाठ बांधणाऱ्यावर ठेवायचा, आणि माझ्या ओठाला अजून खपली होती.

"सरळ दोरीलाच लावू या ना, नवा दोरा गुंडाळून," मी म्हटलं.

"दर महिन्याला गुंडाळणार कोण?" सरांनी विचारलं. ते काम कुणाला येत असेल तर दादांनाच.

कडीने पहिल्या दिवशी दोघांचेही बाण फार सुंदर गेले, हे मला कबूल केलं पाहिजे. पण दोन आठवड्यांनी माझे बाण वर जायला लागले. सुरुवातीचे पिवळ्यात, मग लालात, मग निळ्याच्या वरच्या कडेला. दादांचे मात्र जागच्या जागी. सर म्हणाले, दमतेस तू. मी दमत नव्हते. मी कडी नीट पाहिली. बाण वर जातो याचा अर्थ कडी खाली आली होती. कडी खाली आली की बाणाची शेपटी खाली जाते आणि टोक वर.

मी निळ्या बॉलपेनने खालच्या गाठीच्या खाली अगदी चिकटून दोरीवर एक ठिपका दिला. टाचणीच्या डोक्याएवढा. कुणाला सांगितलं नाही. आम्ही आळीपाळीने सहा-सहा बाण मारायचो. चार-पाच पाळ्या झाल्यावर पाहिलं तर ठिपका गाठीखाली झाकला गेला होता.

सरांच्या घरी ओल होती, म्हणून धनुष्य एक आठवडा दादांकडे आणि एक आठवडा माझ्याकडे असायचं. त्या आठवड्यात ते ठाण्याला गेलं. पुढच्या रविवारी परत आलं, तेव्हा ठिपका पुन्हा उघडा होता. म्हणजे कडी वर सरकवली गेली होती. आपोआप खाली येणारी गोष्ट आपोआप वर कशी जाईल? कुणीतरी हात लावल्याशिवाय?

आता माझी खात्री झाली. माझ्या पाळीच्या आधी ते कडी खाली ढकलतात आणि घरी नेऊन पुन्हा जागेवर आणतात, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. वडिलांना सांगितलं. ते नुसतेच मान हलवत राहिले, नाक्यावर एखादा ट्रक पकडल्यासारखे.

त्यानंतरचे रविवार आठवले की मला अजून कसंतरी होतं. मी दादांचे हात दिसतील अशा जागी बसायचे. ते बाण काढायला लक्ष्याकडे निघाले की मीही निघायचे. माझी पाणी प्यायची इच्छा झाली तरी नळापर्यंत जायचे नाही, कारण तेवढ्यात धनुष्य त्यांच्याजवळ एकटं राहिलं असतं. दहा वाजता ते डबा उघडायचे, तांदळाची भाकरी आणि सुकट. आधी मी त्यातली अर्धी भाकरी हक्काने घ्यायचे. आता म्हणायचे, उपास आहे.

"दर रविवारी उपास?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले, आणि ते पाहणंही मी माझ्या हिशेबाने लावून घेतलं. मनात चोर आहे म्हणून बघतोय.

एका रविवारी तर कहर झाला. माझा पहिलाच बाण पेंढ्याच्या भाऱ्यावरून गेला आणि मागच्या कुंपणाच्या भिंतीवर आपटून वाकला. इतका वर माझा बाण कधी गेला नव्हता. सर ओरडले, "लक्ष कुठंय?" मी कडी पाहिली. ठिपका पूर्ण गायब. दादा तेव्हा पाठमोरे उभे राहून बुटाची नाडी बांधत होते. मला वाटलं, तिथंच सगळं बोलून टाकावं. पण पुरावा काय होता माझ्याकडे? एक निळा ठिपका, जो मीच दिलेला.

मग निवडीच्या चाचणीआधीचा रविवार आला. त्या आठवड्यात धनुष्य दादांकडे होतं. मी मुद्दाम अर्धा तास लवकर गेले. मैदानावर फक्त दादा होते. शाळेच्या पायरीवर बसले होते, धनुष्य मांडीवर, हातात जाळं विणायची लाकडी सुई, आणि सुईचं टोक कडीच्या गाठीत.

"हात काढा तिथून!" मी ओरडले.

ते दचकले. सुई खाली पडली. तेवढ्यात फाटकातून सर आत येत होते. त्यांनी माझा आवाज ऐकला होता. "काय झालं?"

मी सगळं सांगून टाकलं. ठिपका, वर जाणारे बाण, घरून सरकवून आणलेली कडी. "हे दर वेळी करतात, सर. आज मी डोळ्यांनी पाहिलं."

दादा उठले नाहीत. कडीकडे बघत म्हणाले, "ताई, मला वाटलं, तुमीच हलवता."

"मी?"

"हे बघा." त्यांनी नखाने दोरीवरच्या गुंडाळीचा एक फेर जरासा उचलला. खाली लाल दोऱ्याचा एक बारीक तुकडा होता, वरच्या गाठीच्या अगदी जवळ. "ही माझी खूण. तुमचा हात झाला की कडी खाली. माझा झाला की जागची हलत नाय. मी आपला नेम तेवढा खाली धरतो. दीड महिना बघतोय. घरी नेऊन परत वर आणतो. आजपण तेच करत होतो. बोललो नाय. म्हटलं, पोरीला सरांसमोर कशाला उघडं पाडा."

माझा निळा ठिपका आणि त्यांचा लाल दोरा, मधे पाऊण इंचाचं अंतर, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या खुणेचा पत्ता नाही.

सरांनी फौजेत अशा भांडणांचं जे करायचे तेच केलं. शाळेच्या ऑफिसातून पट्टी आणली. कडी नेमकी जागेवर बसवून मोजली. मला म्हणाले, "दहा बाण." मग दादांना, "तू तिथून मागे जा." दादा दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. सर माझ्या कोपराशी, पट्टी हातात घेऊन. प्रत्येक बाणानंतर ते वाकून बघत होते आणि मलाही बघायला लावत होते.

चौथ्या बाणानंतर मला दिसलं. मी ओढताना माझं मनगट आत वळत होतं. माझ्या हाताबरोबर चिमटा वळत होता, चिमट्याबरोबर कडी, आणि कडी दोरीभोवती केसभर फिरत होती. दोरीवरचा दोरा वेढे घालत गुंडाळलेला. बोल्टवर नट फिरला की तो एका दिशेला सरकतो, तशी माझी कडी प्रत्येक बाणाला त्या वेढ्यांवरून खाली उतरत होती. दहा बाण झाले तेव्हा ठिपका अर्धा झाकला गेला होता. दादा तेव्हा दहा पावलं लांब होते. कुणीही हात लावलेला नव्हता.

मग दादांचे दहा बाण. कडी हलली नाही. त्यांचं मनगट सरळ होतं.

"कळलं?" सर म्हणाले.

मी मान हलवली.

सर मात्र थांबले नाहीत. त्यांनी कडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पण ही फिरायला नको होती. या दोन्ही गाठींचे मणी एकाच बाजूला का आहेत?"

दादांनी पाहिलं. "सवय, सर. जाळ्यात सगळ्या गाठी एकाच बाजूने घालायच्या."

"एक डावीकडे, एक उजवीकडे घालून बघ."

दादांनी गोफ कापला, नवा घेतला, उदबत्ती पेटवली. वरच्या गाठीचा मणी एका बाजूला, खालच्या गाठीचा दुसऱ्या. ओढून घट्ट केलं. मी पुन्हा दहा बाण मारले. मनगट वळलं, पण कडी जागची हलली नाही. दोन्ही गाठी एकमेकींना धरून राहिल्या होत्या.

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहायची मला लाज वाटते. विचार असा आला, की गाठी एकाच बाजूला त्यांनी मुद्दामच घातल्या नसतील कशावरून? माझं मनगट वळतं हे त्यांना आधीच दिसलं असेल तर? घरी आल्यावर सगळी हकीकत ऐकून वडिलांनी अगदी हेच वाक्य उच्चारलं. आणि ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. "पुरे हो, बाबा," मी म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली.

चाचणीत दादांचे गुण माझ्यापेक्षा जास्त आले. अगदी स्वच्छ जास्त. मला वाईट वाटलं, पण त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ते पुण्याला गेले. आईने त्या धनुष्याला जुन्या चादरीची पिशवी शिवून दिली.

ते परत यायचे त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोवर गेले. सरांना सांगितलं, दादा दमलेले असतील, धनुष्य मी घेऊन येते. खरं कारण हे, की धनुष्य आणखी एक आठवडा त्यांच्याकडे राहावं असं मला वाटत नव्हतं. इतकं सगळं होऊनही.

दादा गाडीतून उतरले, पिशवी खांद्याला. मला बघून आधी चकित झाले, मग म्हणाले, "चला, चहा घेऊ." कँटीनमध्ये बसलो. निवडीत नाव आलं नव्हतं. मधेच कुठेतरी राहिले. पण त्यांना दुसरंच सांगायचं होतं.

"तिथं एक पंच होता. त्याने कडी बघितली आणि बाजूला घेतलं. हे काय लावलंय? कुणी सांगितलं? नियमात बसतं का? भिंग आणलं ओ कुठून तरी. पंधरा मिनटं बघत होता. बाकी सगळ्यांचे चिमटे सरळ दोरीला. आमचीच कडी. मला वाटलं, आता बाहेर काढणार. शेवटी मोठ्या पंचाने सांगितलं, राहू दे. तोवर माझे हात गार पडले. पहिले सहा बाण वाया."

मी ऐकत होते. भिंग घेतलेल्या त्या पंचाच्या जागी मला मीच दिसत होते. मी म्हटलं, "दादा, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला. मला माफ करा."

त्यांनी कप खाली ठेवला. बाहेर एक गाडी मागे घेत होते, कंडक्टर पत्रा बडवत होता.

"उगाच नाय, ताई," ते म्हणाले. "एकदा केलेलं मी."

"काय?"

"कडी सरकवलेली. एकदाच. तुमचा बाण भिंतीवर गेला बघा, त्या दिवशी. मला वाटायचं, ही दर वेळी हलवते आणि साळसूद बसते. म्हटलं, आपण चांगली पाव इंच खाली हलवू, बघू हिला कळतं का. तुमी बाण मारला आणि लगेच कडी बघितली. तेव्हा माझी खात्रीच झाली, की चोर हीच, हिला सगळं ठाऊक हाय."

आधी संताप आला. सगळ्यांसमोर सर माझ्यावर ओरडले होते, वाकलेला बाण मी नंतर घरी सरळ करत बसले होते. मग संताप ओसरला आणि एकदम हलकं वाटायला लागलं. का, ते सांगता येत नाही. बहुधा इतक्या दिवसांत माझा एक तरी संशय खरा निघाला, म्हणून. किंवा समोरचा माणूसही माझ्याइतकाच वेडा झाला होता, म्हणून.

"सरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाय. तुमाला आधी सांगायचं होतं."

"सांगू नका," मी म्हणाले. "बाण माझा होता. झालं ते झालं."

त्यांनी भाकरीचा डबा काढला. प्रवासाने भाकरी कडक झाली होती. मी अर्धी घेतली.

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून एक नियम केला. कडी जरा जरी हलल्यासारखी वाटली, तर ज्याला वाटेल त्याने लगेच, मोठ्याने, दुसऱ्याला सांगायचं. मनात ठेवायचं नाही. पहिले दोन रविवार आम्ही इतक्या वेळा "दादा, कडी!" "ताई, कडी!" करत राहिलो, की बांबूची धनुष्यं ओढणारी बाकीची मंडळी नेम सोडून आमच्याकडे बघायला लागली. कडी जागेवरच असायची. शेवटी सर काठी आपटत आले आणि म्हणाले, "आता तोंडं बंद करा दोघांनी, आणि बाण मारा."